गाडीच्या टपावरचे पापड

जोह्याच्या जनू मोकलने सव्वीस वर्षांत परदेशाच्या एकोणीस खेपा केल्या. देश मोजले तर नऊ. पंचक्रोशीत एवढा फिरलेला माणूस दुसरा नाही. पेणच्या एसटी स्टँडवर तो दिसला की कंट्रोलरसुद्धा खिडकीतून विचारतो, ‘काय जगप्रवासी, आज कुठं?’ आणि जनू सांगतो, ‘हमरापूर.’ आता एवढ्या फिरलेल्या माणसाने काय काय बघितलं असेल, असं कुणालाही वाटेल. जनूने नऊ हॉल बघितले. त्यातले तीन तर हॉलही नव्हते, लोकांच्या घराखालची गाडी ठेवायची जागा होती.

त्याला इलाज नव्हता, कारण त्याचं कामच तसं होतं. जनू गणपतीचे डोळे आखतो. जोह्यात मूर्तींना रंग लावणारे हात शेकड्यांनी सापडतील, पण आखणीचे हात बोटांवर मोजण्याइतके. त्यात जनू ज्या कारखान्यात आहे, त्या कारखान्याचा एक जुना नेम. आत्ताचे मालक हर्षदशेठ, त्यांच्या आजोबांनी घालून दिलेला. डोळे उघडलेला देव पेटीत कोंबायचा नाही. डोळे नाहीत तोवर ती माती. तिला गुंडाळा, खोक्यात घाला, वरून खिळे ठोका, कुणी विचारणार नाही. पण एकदा बुबुळं उमटली की तो देव झाला, आणि देवाला अंधारात उताणा निजवून महिनाभर बोटीने पाठवायचं हे आजोबांच्या मते शुद्ध पाप. बाकीचे कारखानदार हसायचे. हसेनात का. आजोबा गेले, मुलगा गेला, नातू मोबाइलवर ऑर्डरी घ्यायला लागला, तरी नेम कायम राहिला. परदेशातल्या मंडळांच्या मोठ्या मूर्ती वैशाखात बिनडोळ्यांच्या बोटीने जायच्या आणि श्रावण सरता सरता त्यांचे डोळे मागून विमानाने जायचे. डोळे म्हणजे जनू, चार बारीक ब्रश आणि रंगाच्या बाटल्या.

जायचं, विमानतळावरून मंडळाच्या गाडीत बसायचं, हॉलवर उतरायचं, तीन दिवस मान वर करून डोळे आखायचे, त्याच गाडीत बसून परत यायचं. एक दिवस जास्त राहायची सोय नव्हती, कारण हरतालिकेच्या दिवशी जनूला घरी असावंच लागे. घरच्या गणपतीचे डोळे दुसऱ्या कुणाच्या हाताने आखले जाणं म्हणजे हलवायाच्या घरात बाजारचे लाडू.

पहिली खेप मॉरिशसची. त्यासाठी घरात बॅग नव्हती. जनूची बायको इंदुबाई माहेरी गेली, रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमी गावाला, आणि भावजयीकडून सुटकेस मागून आणली. ही भावजय म्हणजे सीताबाई. चांगली भातशेती, वालाची शेती, दारात ट्रॅक्टर. नणंद खारेपाटातल्या मिठागरवाल्याच्या मुलाला दिली, हे तिला कधी पटलं नव्हतं. इंदुबाई माहेरी गेली की सीताबाई जेवायला वाढायची भरपूर, पण मीठ वाढताना हमखास म्हणायची, ‘वन्सं, तुम्हाला काय कमी मिठाची!’ तीस वर्षं तोच विनोद. सुटकेस दिली तीही ‘जपून वापरा, आमच्या ह्यांना आहेरात आलेली हाय,’ असं सांगून.

जनू परत आला तेव्हा नाक्यावर दहा जण जमले. ‘काय बघितलंस?’

‘हॉल.’

‘अरे, हॉलच्या बाहेर काय?’

‘गाडी हुती.’

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. जनूला शिंगं फुटली, असा सगळ्यांचा निकाल पडला. त्याचं त्याला काही वाटलं नाही. पण घरी आला तर इंदुबाई सुटकेस पुसत बसलेली. ती उद्या सीताबाईला परत द्यायची होती.

‘सांगा,’ ती म्हणाली. ‘वैनी विचारतील.’

जनूने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला हॉल म्हणवेना. कारखान्याच्या ऑफिसात रंगाच्या कंपनीचं एक कॅलेंडर असायचं, त्यात महिन्याला एक परदेशी चित्र. ते आठवून तो म्हणाला, ‘समुद्र हाय गो. एका अंगाला हिरवा, दुसऱ्या अंगाला निळा. मधी सुतळी ओढल्यासारखी रेघ.’

‘आणि बायका?’ तिने विचारलं. ‘बायका काय करतात तिथल्या?’

कॅलेंडरात बायका नव्हत्या. जनू पेणचा माणूस. बायका म्हटलं की त्याला पापड आठवले. ‘पापड करतात. आपल्यासारखेच.’

‘वाळवतात कुठं?’

आता आली का पंचाईत! अंगण म्हणावं तर तिने अंगण कसं असतं विचारलं असतं. ‘गाडीच्या टपावर,’ जनू म्हणाला. ‘घरटी गाडी हाय ना. टप तापतो. नवरा कामावर निघाला तरी पापड सुकल्याबिगर त्याला गाडी मिळत नाय.’

इंदुबाई एवढी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सुटकेस अष्टमीला परत गेली आणि तिच्याबरोबर पापडही गेले. सीताबाई म्हणे ओट्यावरचं काम सोडून ऐकत बसली. मीठ वाढायची त्या दिवशी विसरली.

तेव्हापासून जनूची सुटका नव्हती. दर खेपेनंतर इंदुबाईला काहीतरी घेऊन माहेरी जायचं असे. धबधबा म्हणजे आपली भोगावती नदी उभी केली तर. बर्फ म्हणजे मिठाची रास, फक्त चव नाही. जनू एक सांगायचा, इंदुबाई त्याचे तीन करायची. पुढे पुढे जनूलाच अष्टमीकडून कळायला लागलं की तो वाळवंटात उंटावरून पडला होता.

असं सुखात चाललेलं. पण गेल्या संक्रांतीनंतर अष्टमीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचं पत्र आलं. ‘जग माझ्या नजरेतून’, वक्ते श्री. जनार्दन मोकल. पत्र वाचून जनूने ते परत पाकिटात घातलं. इंदुबाईने मात्र ठेवणीतली साडी बाहेर काढून उन्हात टाकली. तिच्या माहेरात, तिच्या भावकीपुढे, तिच्या नवऱ्याला हार घालणार होते. मिठागरवाल्याच्या मुलाला.

‘नको गो जायला,’ जनू म्हणाला.

‘का? उंटावरचं सांगा. ते वैनींना लय आवडतं.’

पेणहून गाडीने रोह्याला उतरून दोघं पुलावरून अष्टमीला गेली. मंडळाच्या सभागृहात साठ-सत्तर माणसं. पुढच्या रांगेत सीताबाई, तिच्या शेजारी मानाच्या खुर्चीवर इंदुबाई. जनूने लंडनपासून सुरुवात केली. नदी सांगितली, पूल सांगितला, मग ते जगप्रसिद्ध घड्याळ. ‘दोन हजार अठरा साल. मी खाली उभा आणि वर बाराचे टोले पडले. ठण्ण! छातीत वाजले, छातीत!’

टाळ्या पडल्या. मागून एक मुलगी उठली. सीताबाईची धाकटी सून सुरभी. लंडनला नोकरीला असते, महिन्याच्या सुट्टीवर आलेली. मुलगी गुणाची, मनात काही वाईट नाही. तिने हौसेने विचारलं, ‘काका, अठरा साली? मी तेव्हा तिकडेच होते. ते घड्याळ दुरुस्तीला होतं ना? सगळं मचाणांनी झाकलेलं. टोले तर कितीतरी वर्षं बंदच होते.’

सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. जनूला वेळ मारून नेता आली असती. दुसरं घड्याळ असेल म्हणाला असता, साल चुकलं म्हणाला असता. म्हाताऱ्यांनी ते चालवून घेतलं असतं, त्यांचीही सालं रोज चुकतात. पण जनूचा हात जसा सरळ चालतो तशी जीभ अडचणीत सरळच चालते. त्याने हार काढून टेबलावर ठेवला.

‘पोरी, मी घड्याळ बघितलंच नाय. मी काहीच बघितलेलं नाय.’

आणि मग धरण फुटावं तसा तो खरं बोलत सुटला. नऊ हॉल सांगितले. कोणत्या देशातल्या हॉलच्या छताला गळती आहे ते सांगितलं. कॅनडात एकदाच तंबाखू शोधायला बाहेर पडला, ते सांगितलं: सगळी घरं एकसारखी, परत येताना भलत्याच घराच्या शेडमध्ये जाऊन बसला. कानावर ब्रश होता. घरातून एक चिनी आजीबाई आल्या, त्यांनी ब्रश बघितला, त्याला हाताला धरून फाटकापाशी नेलं आणि आपली गंजलेली टपालपेटी दाखवली. नाही कसं म्हणायचं, कोणत्या भाषेत म्हणायचं? जनूने टपालपेटी रंगवली. दोन हात दिले. आजीबाईंनी सूप पाजलं. मंडळाची माणसं शोधत आली तेव्हा तो पेटीवर कमळ काढत होता. ‘परदेशात मी बघितलेलं तेवढंच एक प्रेक्षणीय स्थळ,’ जनू म्हणाला, ‘आणि तेही मीच रंगवलेलं.’

म्हातारे खोकेपर्यंत हसले. सुरभी तर डोळे पुसत होती. अध्यक्ष म्हणाले, असं भाषण मंडळात झालं नाही. जनूच्या छातीवरून सव्वीस वर्षांचा धोंडा उतरला. हलका होऊन तो पुढच्या रांगेकडे बघायला गेला आणि तेव्हा त्याला इंदुबाईचं तोंड दिसलं.

सीताबाई तिच्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होती, ‘मग वन्सं, ते पापड?’

नंतर जेवायला घरी नेलं, तेव्हा सीताबाईने पहिलं काय वाढलं असेल ते सांगायला नकोच.

परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. नागोठणं गेलं, कासू गेलं. पेणला उतरताना म्हणाली, ‘मी माहेरी जे जे सांगितलं, ते सगळं खोटं?’

‘व्हय. पण गो, खरं सांगितल्यावर लोक किती हसले! मना लय बरं वाटलं.’

‘तुम्हाला बरं वाटलं,’ ती म्हणाली. ‘मना?’

जनूला पहिल्यांदा खरोखर वाईट वाटलं. खोटं बोलताना वाटलं नव्हतं तेवढं खरं बोलून वाटलं. पुढे सहा महिने इंदुबाई माहेरी गेली नाही. भावाच्या नातवाचं बारसं झालं, गुडघ्याचं निमित्त सांगितलं. गुडघे ठणठणीत होते. रोज हमरापूरपर्यंत चालत जायची.

आषाढात हर्षदशेठने ह्या वर्षीची खेप मॉरिशसची असल्याचं सांगितलं. जनूने घरी सांगितलं. इंदुबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘ह्या खेपेला मी येनार. तुम्ही डोळे आखा. बघायचं काम मी करीन.’

मुलगा निलेश धाटावला कंपनीत आहे. त्याने शिफ्ट बदलून पासपोर्टासाठी आईला नेली. सून नम्रता म्हणाली, गणपतीची तयारी मी बघते, आई, तुम्ही जा. सुटकेस ह्या वेळी नवी घेतली. अष्टमीला मागायला जाण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि इंदुबाई मॉरिशसला गेली.

विमानात दोघांना मधल्या रांगेतल्या जागा मिळाल्या. आजूबाजूला माणसं, पलीकडे माणसं, खिडकी कुठल्या कुठे. उतरल्यावर मंडळाची बंद गाडी. हॉलवर पोचली, जनूने ब्रश काढले आणि इंदुबाई पदर खोचून बाहेर पडायला निघाली. दारातच मंडळाच्या चार बायका भेटल्या. पिढ्यान्‌पिढ्या तिकडच्याच, पण मूळच्या मराठी. पाव्हणीला चहा पाजावा म्हणून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. बोलता बोलता इंदुबाईने हातावर थापून तांदळाची भाकरी करून दाखवली.

तिथेच घात झाला. त्या बायकांनी आजीच्या तोंडून ऐकलेली भाकरी डोळ्यांनी पहिल्यांदा बघितली. कुणी बहिणीला फोन केला, कुणी जावेला. दुपारपर्यंत स्वयंपाकघरात तीस बायका. दुसऱ्या दिवशी पन्नास. पिठाची पोती आली. इंदुबाईने घरून बांधून नेलेले वाल भिजवले, सोलायला शिकवले, बिरडं शिकवलं. भाकरी तव्यावर फुगली की सगळ्या टाळ्या वाजवायच्या आणि अजून एक म्हणायच्या. तीन दिवस ती चुलीपुढून हलली नाही. स्वयंपाकघराला एक खिडकी होती. तिच्यातून शेजारची भिंत दिसायची.

चौथ्या दिवशी विमानतळावर बसल्यावर तिने जनूला हळूच विचारलं, ‘अवो, समुद्र हाय काय इथं?’

‘हाय म्हणतात,’ जनू म्हणाला. ‘चारी अंगांनी.’

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. जनूला हसू फुटणार होतं, पण तिचं तोंड बघून त्याने ते खोकल्यात घातलं.

जोह्याच्या नाक्यावर उतरली तर बायका वाटच बघत होत्या. ‘काय बघितलंस गो, इंदे?’ इंदुबाईने सुटकेस दुसऱ्या हातात घेतली. सव्वीस वर्षांपूर्वी ह्याच जागी जनूने ‘हॉल’ म्हटलं होतं. ‘लय बघितलं,’ ती म्हणाली. ‘पाय दुखतात. नंतर सांगते.’ आणि घराकडे वळली.

दसऱ्यानंतर अष्टमीहून निरोप आला, आणि तो खुद्द सीताबाईने धाडायला लावलेला. भावोजींचं ऐकलं, आता वन्संना बोलवा, खरं काय ते एकदा कळू दे. निरोपातला काटा जनूच्याही लक्षात आला. वक्त्या सौ. इंदुबाई मोकल. त्याने तिला समजावलं, ‘भाकरीचं सांग. खरं तेच सांग. गोड हाय ते.’

‘भाकरी वैनी रोज थापतात,’ इंदुबाई म्हणाली. ‘भाकरी करायला परदेशी गेले, असं सांगू वैनींना?’

हे सभागृह तेच, पंखा तोच. ह्या वेळी जनू पुढच्या रांगेत आणि शेजारी सीताबाई, हात बांधून बसलेली. सुरभी कधीच लंडनला परत गेली होती, ह्याबद्दल जनूने मनोमन देवाचे आभार मानले. इंदुबाई उभी राहिली. पदर नीट केला. माईक हाताने बाजूला सारला. मिठागराच्या बांधावरून हाक मारायची सवय असलेल्या बाईला माईक कशाला लागतो?

‘समुद्र,’ ती म्हणाली, आणि थांबली. ‘एका अंगाला हिरवा. दुसऱ्या अंगाला निळा. मधी सुतळी ओढल्यासारखी रेघ. हे बसलेले हॉलमधी, देवाच्या तोंडाकडं बघत. मी म्हटलं, बसा तुम्ही. मी आपली चालत गेले. पायातल्या चपला हातात घेतल्या आणि त्या रेघेवर जाऊन उभी राहिले. एक पाय हिरव्यात, एक पाय निळ्यात.’

जनूचं तोंड उघडं राहिलं. पायांचं त्याने कधी सांगितलं नव्हतं. हे तिचं स्वतःचं होतं आणि कॅलेंडरापेक्षा कितीतरी सरस होतं. पुढे डोंगर आला, उसाची शेतं आली, माकडाने तिची पिशवी पळवली आणि पोलिसाने ती सॅल्यूट मारून परत आणून दिली. मग तिने सीताबाईकडे बघितलं, सरळ.

‘आणि वैनी, ते पापड. ह्यांनी बघितले नव्हते हे खरं. ह्यांना कुणीतरी सांगितलेलं, तेच ह्यांनी मना सांगितलं. पण हुतं खरंच. मी या डोळ्यांनी बघितले. पांढऱ्या गाडीच्या टपावर, उडदाचे, तीन रांगा. मालक किल्ली घेऊन शेजारी उभा. मी त्याला म्हटलं, अर्धा तास थांब रं बाबा, अजून ओले हायत.’

सभागृह कोसळलं. सगळ्यांच्या वर सीताबाईचं हसू. ती उठली, पुढे गेली, इंदुबाईचे दोन्ही हात धरले आणि लोकांकडे वळून म्हणाली, ‘ही आमची नणंद!’ तीस वर्षांत हे शब्द तिने चारचौघांत उच्चारले नव्हते. अध्यक्षांच्या हातातला हार तिने स्वतः घेऊन घातला. जेवायला घरी चला म्हणाली, आज वालाचं बिरडं केलंय, अळणी झालंय की काय बघा, तुमच्याइतकं मिठाचं कुणाला कळतंय. शब्द जवळजवळ तेच, पण ह्या वेळी त्यात खडा नव्हता. इंदुबाईचा हात सोडला नव्हता तिने.

मग जनूकडे बघून तिने कीव आल्यासारखी मान हलवली. ‘बघा भावोजी. तुम्ही सव्वीस वर्षं फिरलात आणि हॉल बघून आलात. ही एकदाच गेली. माणसाला डोळे पाहिजेत.’

नऊ देशांतल्या देवांना डोळे देऊन आलेला जनू हे ऐकून घेत होता. सीताबाईच्या खांद्यावरून इंदुबाई त्याच्याकडे बघत होती. गळ्यात हार, आणि नजरेत भीती, तीच, जी स्वतःच्या भाषणात त्याने हार काढून ठेवला तेव्हा बघायची राहून गेली होती. एक शब्द सरळ बोलला असता तर सगळं गेलं असतं.

‘खरं हाय, वैनी,’ जनू म्हणाला. ‘माझं लक्षच नव्हतं.’

त्या संध्याकाळी त्या सभागृहात तेवढं एकच वाक्य खरं बोललं गेलं. इंदुबाईने हार काढला, त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, ‘धरा जरा. पिशवीत नीट ठेवा, चुरगळू नका.’ जनूने तो दोन्ही हातांनी धरला आणि दोघींच्या मागून जेवायला निघाला.